सात डब्यांचा फोटो बघून

सांगली
रविवार, रात्र

प्रिय मन्या,

दुपारी फोनवर घाईघाईत एवढंच सांगितलं की ते डी-३ चं पाकीट आजपासून बंद कर आणि उद्या कॅल्शियमची टेस्ट करून घे, तू म्हणलास एवढं काय झालं लेका, व्हिटॅमिनच तर आहे. फोनवर बोलायला लागलो की तू मधेच दुसरा विषय काढतोस म्हणून लिहायलाच बसलो. लांबणार आहे, पण सगळं वाच, आणि वाचून झालं की वहिनींना दे.

तू पाठवलेला तुझ्या सात डब्यांचा फोटो मी मोठा करून एकेक लेबल वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. मल्टिव्हिटॅमिन, व्हिटॅमिन ई ४००, करक्युमिन, लोह, बायोटिन, ओमेगा-३, आणि शेवटी डी-३ च्या ६०,००० युनिटच्या कॅप्सूल. खाली तू लिहिलायस, 'पन्नाशी आली, आता सगळं रोज सकाळी एकदम घेतोय, अकरा दिवस झाले'. ते 'रोज' आणि 'एकदम' वाचलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण आमच्या आईचं काय झालं होतं ते मी तुला तेव्हा नीट सांगितलंच नव्हतं.

तिचे गुडघे दुखायचे, रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ११ आलं, म्हणजे कमी, डॉक्टरांनी डी-३ च्या पुड्या लिहून दिल्या. आठवड्याला एक, आठ आठवडे. चिठ्ठीवरचं अक्षर असं की 'आठवड्याला' आहे का काय आहे वाचता येईना, मेडिकलवाल्यानं पुड्या मोजून दिल्या, कशा घ्यायच्या ते काय बोलला नाही. मीपण विचारलं नाही. आई रोज रात्री एक पुडी फोडून कोमट दुधात ढवळून घ्यायची, तिला ती चव आवडायची, आणि गुडघ्याला जरा बरं वाटतंय म्हणाली की मीच जाऊन पुढचं पाकीट आणायचो. अडीच महिने. मग तिची भूक गेली, पोट साफ होईना, तांब्याभर पाणी पिऊनपण तहान जाईना, रात्रीत पाच-सहा वेळा उठायची. आम्ही म्हणलं शुगर झाली असेल. एक दिवस सकाळी तिनं मला विचारलं, 'बाबा जेवले का रे', आणि बाबांना जाऊन तर नऊ वर्षं झाली. त्याच दुपारी मिरजेला ॲडमिट केली. कॅल्शियम १३.६ निघालं, साडेदहाच्या आत पाहिजे, आणि डी १५० च्या वर. किडनीवर ताण आला होता. पाच दिवस सलाईन, दूध-दही बंद, आणि घरी आल्यावरसुद्धा कॅल्शियम ताळ्यावर यायला पुढं तीन-चार महिने गेले, कारण डी चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही.

आता हिशोब बघ. रोजची गरज ६०० युनिट. एका पुडीत ६०,०००. म्हणजे एका पुडीत १०० दिवसांचा शिधा. शरीर तो साठवू शकतं, म्हणून तर आठवड्याला एक देऊन रिकामं कोठार भरतात आणि मग थांबतात नाहीतर महिन्याला एकावर येतात. तीच पुडी रोज टाकली की डी आतड्यातनं कॅल्शियम नुसतं ओढत बसतं आणि ते कॅल्शियम रक्तात, किडनीत जाऊन बसतं. अकरा दिवसांत तुझं काय मोठं बिघडलं असेल असं नाही, घाबरून जाऊ नको, पण टेस्ट कर म्हणजे कर. आणि डी कमी आहे का हे तू मुळात तपासलंच नाहीस ना? २० च्या खाली असेल तरच कोर्सचं बोलायचं, तेपण डॉक्टरांनी. एरवी दुपारच्या उन्हात, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा, हातपाय उघडे टाकून थोडा वेळ बसलास तरी चालतंय. गाडीत काच लावून लागणारं ऊन धरू नको, काचेतनं डी तयार करणारे किरण येतच नाहीत.

आता माझं. मी स्वतः रोज एकच गोळी घेतो, बी-१२ ची. डी महिन्यातून एकदा, तेपण रिपोर्ट बघून. बाकी काय नाही.

बी-१२ का, ते सांगतो. मागच्या वर्षी माझ्या पायाला मुंग्या यायच्या, रात्री तळपाय जळजळायचे, मी आपलं खोबरेल चोळून झोपायचो. एक दिवस संध्याकाळी आयर्विन पुलाच्या बाजूनं घाटावर उतरत होतो आणि मागनं एक पोरगं ओरडलं, 'काका, चप्पल राहिली.' बघतो तर एक पाय अनवाणी. चार पायऱ्या तसाच उतरलो होतो आणि पायाला कळलंच नव्हतं. दगड गार का गरम, तेसुद्धा नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही मन्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जीभ बघितली, मग तो स्टीलचा चिमटा असतो ना, आपटला की घुंऽऽ करत थरथरतो, तो अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, थरथर कळतीय का. मी म्हणलं नाही. मग घोट्यावर. नाही. गुडघ्यावर आल्यावर कळली. बी-१२ निघालं १३८, २०० च्या वर तरी पाहिजे होतं.

आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा नाही, तुला माहितीच आहे. बी-१२ हे झाडपाल्यात नसतंच, ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला मिळतं ते मांस, मासे, अंडी, दूध यातनं. भाकरी, डाळ, मेथी, शेंगदाण्याची चटणी, सगळं चांगलं, पण यात ते नाही. आणि 'आम्ही दूध घेतो की' म्हणणाऱ्यांनी जरा मोजून बघावं. पाव लिटर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं, गरज रोजची दोनच्या थोडी वर, आणि माझं दूध म्हणजे दोन कप चहातलं. लिव्हरमध्ये साठा असतो तो काही वर्षं पुरतो, म्हणून कमी पडतंय ते कळायला इतका उशीर होतो.

आधी इंजेक्शनं झाली, मग गोळी. आता चिमट्याची थरथर घोट्यापर्यंत कळते, अंगठ्याचं अजून नाही. डॉक्टर म्हणले उशीर झाला की काही नसा परत येत नाहीत.

आता तुझ्याकडं ये. तू शाकाहारी, सहा वर्षं शुगरची मेटफॉर्मिन चालू, वर ॲसिडिटीची गोळी रोज. या दोन्ही गोळ्या बरीच वर्षं घेतल्या की बी-१२ आत शोषलं जायचं कमी होतं. मागं गणपतीला आलेलास तेव्हा तूच म्हणलेलास ना, पायात मुंग्या येतात, शुगरमुळं असेल. असेलही. पण बी-१२ मुळंपण असू शकतंय आणि दोन्हीची लक्षणं एकसारखी. म्हणजे सात डब्यांत तुला ज्याची खरी गरज आहे ते एकच, आणि ते फक्त त्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये आहे, लेबलवर बघ, १ मायक्रोग्रॅम! इतकंसं तुला पुरणार नाही. गोळी १५०० मायक्रोग्रॅमची असते, आकडा बघून दचकू नको, एवढी मोठी गोळी घेतली तरी त्यातला शंभरातला एखादाच भाग आत जातो, म्हणून मोठी करतात. पण आधी टेस्ट, मग गोळी, कारण गोळी सुरू केली की रिपोर्ट चांगला येतो आणि मूळ काय होतं ते कळत नाही.

अजून एक, त्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये फॉलिक ॲसिड आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड जास्त गेलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसा बिघडतच राहतात. फॉलिक ॲसिडच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली हे मला वाचताना कळलं, लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये आल्या होत्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त का नसतं ते शोधायला. असो.

तुझ्या बाकीच्या डब्या. व्हिटॅमिन ई ४०० तू केसांसाठी घेतोयस असं दिसतंय. ती बंद कर. पुरुषांना वर्षानुवर्षं ४०० चं ई देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २०११ ला निकाल आला, प्रोस्टेटचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १७ टक्के जास्त निघाला. ओमेगाबद्दल माझं काय भांडण नाही, पण ते माशाचं तेल आहे, लेबल वाच आणि तुझं तू ठरव. जवसाची चटणी मी पाठवतो. माशाच्या तेलाची बरोबरी ती करत नाही, पण रोज चमचाभर खायला चांगली. मल्टिव्हिटॅमिननं लघवी पिवळीधमक होते ती उष्णता नव्हे, बी-२ चा रंग आहे, त्यासाठी सब्जा पीत बसू नको.

करक्युमिनचं मात्र वाईट वाटलं. आपण हळदीच्या गावची माणसं, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालं, आणि तू पुण्यात बसून हळदीची कॅप्सूल कुरियरनं मागवतोस. आठवतंय का, आपण सायकलवरनं हरिपूरला जायचो तिथली हळद साठवायची पेवं? जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी माणूस कसाबसा उतरेल एवढी, आणि उघडल्या उघडल्या कुणाला आत उतरू द्यायचे नाहीत, आतली हवा माणसाला मारते म्हणून. तो वास अजून नाकात आहे माझ्या. तर त्या हळदीत करक्युमिन असतं शंभरात तीनेक भाग, आणि तुझ्या डबीवर आहे ९५ टक्के, वर मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं. पायपरिन का घालतात, तर करक्युमिन एरवी रक्तात फारसं उतरतच नाही, १९९८ ला बंगळुरूच्या लोकांनी दाखवलं की पायपरिन दिलं की कितीतरी पटीनं जास्त उतरतं. पण जे जास्त उतरतं त्याला लिव्हरला तोंड द्यावं लागतं. अशा कॅप्सूलनं लिव्हरला सूज आल्याच्या केसेस इटलीत २०१९ ला निघाल्या, दुसरीकडंपण. आणि पायपरिन दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाणपण बदलू शकतं, तुला तर रोजच्या दोन गोळ्या आहेत. आमटीतली हळद ही वेगळी वस्तू आहे, ती खा की रोज.

लोह तर तू बिलकुल घेऊ नको. पुरुषाला, रक्त कमी नसताना, लोह कशाला? शरीराला जादाचं लोह बाहेर टाकायची सोयच नाही, ते साठत जातं. आणि समजा पन्नाशीच्या पुरुषाचं रक्त खरंच कमी निघालं तर गोळी नाही घ्यायची, रक्त जातंय कुठनं ते आधी शोधायचं.

आणि इथंच मला तुझ्याशी खरं बोलायचं आहे. त्या फोटोत सातच्या सात डब्या तुझ्या. वहिनींची एक नाही. त्यांचं हिमोग्लोबिन दिवाळीत ९ होतं, तूच सांगितलेलं. बाईला १२ तरी पाहिजे. जिना चढला की त्यांना धाप लागते हे मी तुझ्या घरी स्वतः बघितलंय. घरात लोहाची बाटली आहे आणि ती चुकीच्या माणसाच्या पोटात जाते आहे. उद्याच त्यांना डॉक्टरांकडं ने, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघायला सांग, डोस ते ठरवतील, हल्ली बऱ्याच जणांना एक दिवसाआड देतात. गोळी घेतल्यावर तासभर तरी चहा नको, चहानं लोह अडतं, त्याऐवजी लिंबूपाणी नाहीतर आवळा. शी काळी होते त्याला घाबरायचं नाही. त्यांची थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी असते ना, तर लोह आणि कॅल्शियम दोन्ही त्याच्यापासनं चार तास लांब, नाहीतर थायरॉइडची गोळी वाया जाते. आणि ते बायोटिन त्यापण अधनंमधनं घेत असतील तर थायरॉइडची टेस्ट करायच्या दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांग आणि लॅबवाल्याला तसं बोला, बायोटिननं थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येतो, आणि त्या चुकीच्या रिपोर्टवर डोस बदलला तर काय.

कॅल्शियमसाठी नाचणी चालू ठेवा, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आई म्हणाली तिच्या हातची नाचणीची भाकरी तुला आवडायची. पीठ दळून ठेवलंय तिनं तुमच्यासाठी, तीळपण भाजून दिलेत वेगळे.

तर उद्या सकाळी लॅबमध्ये दोघंही जा. तुझं कॅल्शियम, किडनीसाठी क्रिएटिनिन, डी, बी-१२ आणि साधं सीबीसी, म्हणजे रक्ताची नेहमीची तपासणी, वहिनींचं सीबीसी, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइडचं टीएसएच, पण त्या बायोटिन घेत असतील तर टीएसएच तेवढं ते बंद करून दोन-तीन दिवसांनी. रिपोर्ट आले की मला फोटो टाक, कितीही वाजलेले असू देत. शनिवारी मी पुण्याला येतोच आहे, पीठ आणि चटणी घेऊन, तेव्हा त्या डब्या घेऊन दोघं मिळून तुझ्या डॉक्टरांकडं जाऊ. आणि चालत जाऊ, तुझ्या पायांकडं मला बघायचंय.

काकूंना नमस्कार सांग. त्यांनापण कुणी पुड्या दिल्या असतील तर चिठ्ठी काढून बघ.

तुझा,
बाळ्या