जिमखाना सेक्रेटरी होऊ बघणाऱ्यांकडून अक्काला

प्रिय अक्का,

खानापूर, निपाणी, चंदगडकडून बेळगावला शिकायला येणाऱ्या आणि जिमखाना सेक्रेटरीच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं काम बघणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदासाठी अर्ज भरणाऱ्या आम्हा सगळ्यांची तयारी करून घेतल्याबद्दल तुझे मनापासून आभार. पुढच्या वर्षी अर्ज भरणाऱ्यांच्याही उपयोगी पडावं, म्हणून हे पत्र उघडच लिहितोय.

कर्नाटकात कॉलेजातल्या थेट निवडणुका तीस वर्षांहून जास्त काळ बंद आहेत. त्यामुळे आपल्याकडे मतपेटी नाही आणि मिरवणूकही नाही. मुलाखतीला प्राचार्य, पीडी सर (खेळाचे शिक्षक) आणि वर्गप्रतिनिधी समोर बसतात आणि थोड्या वेळात माणूस जोखतात. 'जिम आणतो, फ्लडलाइट लावतो' असं म्हणणारा तिथं हमखास आपटतो, कारण सेक्रेटरीला खर्चाच्या सहीचा अधिकारच नसतो. साध्या जर्सीसाठीसुद्धा तीन कोटेशनं, जीएसटी नंबर असलेलं बिल आणि उचललेल्या ॲडव्हान्सचा हिशेब लागतो. सेक्रेटरीच्या हातात असतात याद्या, तारखा आणि पाठपुरावा. बोलायचं तेवढ्यावरच, हे तू आमच्याकडून घोटून घेतलंस. कॉलेज निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीचे 2006 चे नियमही पाळायला लावलेस: 75 टक्के हजेरी, 5,000 रुपयांच्या आत खर्च, छापील पोस्टर नाही. आपली निवड मुलाखतीवर होत असली तरी हजेरीचा आकडा पहिल्यांदा तपासला जातोच.

सगळ्यात कामाची ठरली ती तुझी फॉर्मची वही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला भारतीय विद्यापीठ संघाची 17 ते 25 वयाची अट आहे, ती बहुतेकांना माहीत असते. संघ अडकतो तो नावात. चंदगडच्या मुलाची दहावी महाराष्ट्र बोर्डाची, तिथं आडनाव आधी. खानापूरच्या मुलीची एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकची दहावी, तिथं नाव आधी आणि आडनावाच्या जागी कधी नुसतं आद्याक्षर. आधारवर आणखी तिसरंच काहीतरी. फॉर्म परत येतो तो इथं, आणि तोवर शेवटची तारीख उलटलेली असते. म्हणून जुलैतच प्रत्येक खेळाडूचे कागद मागवायचे, फॉर्मवर नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे अक्षरन्अक्षर लिहायचं आणि आधार दुरुस्त करायचं असेल तर त्याला तेव्हाच पिटाळायचं. कबड्डीत वजनाचा रकाना वेगळा ठेवायचा: पुरुषांना 85 किलोची मर्यादा, महिलांना 75. काट्यावर जाताना कुणी अर्धा किलो जास्त भरला तर बाराची यादी अकरावर येते. सेक्रेटरीनं महिनाभर आधी वजन घेतलं असेल तर हे टळतं.

मैदानाबद्दल तू कमी बोललीस, पण नेमकं बोललीस. व्हॉलीबॉलच्या जाळ्याची उंची खांबाशी मोजायची नाही, मध्यभागी मोजायची: पुरुषांना 2.43 मीटर, महिलांना 2.24. जाळं मधे झोळतं. दोन्ही टोकं मध्यापेक्षा 2 सेंटिमीटरहून जास्त वर असता कामा नयेत. आखणीला चुना वापरायचा नाही, तो ओला झाला की कातडी आणि डोळे जाळतो, फक्कीच (आखणीची पांढरी पूड) आणायची. आपल्याकडच्या पावसाचा भरवसा नाही, तेव्हा आदल्या संध्याकाळी आखून ठेवण्यात अर्थ नाही. सकाळी आखायचं आणि एक पोतं कोरड्या खोलीत राखून ठेवायचं.

प्रवासखर्चाचं गणित तर तुझ्याशिवाय कुणी मांडलंच नसतं. शक्ती योजनेमुळे जून 2023 पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत. म्हणून मुलींच्या संघाचा प्रवासखर्च सरसकट शून्य धरणारे उमेदवार निघतात. पण योजना कर्नाटकच्या रहिवाशांसाठी आहे. आधारवर चंदगडचा पत्ता असलेल्या मुलीला तिकिटाचे पैसे भरावेच लागतात. संघात अशा किती जणी आहेत ते आधी मोजा, मग आकडा सांगा. सरावाची वेळही याच यादीतून ठरवायची. गावाकडची शेवटची बस सहाला असेल तर साडेपाचचा सराव म्हणजे खेड्यातल्या मुलींना दार बंद.

आणि मुलाखतीची भाषा. सुरुवातीची दोन वाक्यं कन्नडमध्ये, स्वतःची, पाठ न केलेली; मग मुद्दा ज्या भाषेत नीट जमतो त्या भाषेत. समोरचे प्राध्यापक कन्नड, वर्गप्रतिनिधी निम्मे मराठी, विद्यापीठाचं परिपत्रक इंग्रजीत. परिपत्रक आलं की त्याच दिवशी नोटीस बोर्डावर तारीख तिन्ही भाषांत लावीन, एवढं एक वाक्य कुठल्याही भाषणापेक्षा भारी पडतं. भाषेवरून वाद घालायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत. कबड्डीच्या संघात पाटील आणि हिरेमठ एकाच साखळीत हात धरतात.

तुझी वही झेरॉक्स काढून जिमखान्याच्या कपाटात ठेवली आहे. अथणी, चिक्कोडीकडच्या बसच्या वेळा तेवढ्या त्यात नाहीत. सुट्टीत आलीस की भरून दे.

तुझे,
जिमखान्याचे उमेदवार