आण्णांच्या बोटांसाठी तुझी मदत पाहिजे भो

प्रिय पंक्या,

फोनवर हे बोलणं जमेना म्हणून टाइप करतोय. तुझा दिवस तेव्हा माझी रात्र, आणि जरा बोलायला लागलो की तुला मीटिंग येते. इकडे सगळे बरे आहेत, आईचा गुडघा तसाच, बीपीची गोळी चालू. आता मुद्द्याचं.

आण्णांनी गळ टाकणं सोडलं.

भरिताला बोलवायला गेलो होतो, बामणोदची वांगी आणली होती, तर ओट्यावरच्या खुंटीला रॉड नाही. म्हटलं धुवायला काढला की काय, तर म्हणे गोट्याच्या पोराला देऊन टाकला, रील पण, लुअरचा म्हणजे खोट्या आमिषांचा डबा पण. एवढं बोलले आणि वांग्यांचा भाव विचारायला लागले. तुला माहितीये ते असे विषय बदलतात तेव्हा आत काय चाललेलं असतं.

काचबिंदू आहे. थेंब रोज टाकतात, पण गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी जपायची असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. समोरचं दिसतं, पेपर वाचतात, बाजूचं मात्र गेलं. बाकी कोणाला सांगितलं तर म्हणतात समोरचं दिसतं ना, मग काय एवढं. तुला सांगायची गरज नाही की आण्णांची सगळी मासेमारी बाजूच्या नजरेवरच होती. मरळ हवा घ्यायला वर येते ती काय आपण बघत असतो तिथे थोडीच येते. चांगदेवला संगमाकडे जलपर्णीच्या कडेने आपण दोघं डोळे फाडून समोर बघत बसायचो आणि ते मान न वळवता म्हणायचे, "उठली." बुडबुडा फुटला तिथे नाही, तिचं तोंड जिकडे असेल तिकडे हातभर पुढे, तेही पाण्यात नाही, पानावर फ्रॉग, म्हणजे तो रबरी बेडूक, पाडायचे. मग पानावरून अलगद खाली ओढायचा. धाडकन तोंड मारलं की तू लगेच झटका द्यायचास आणि फ्रॉग उलटा तुझ्याच टोपीवर, ते मात्र दोरी जड लागेपर्यंत हलायचे नाहीत. आता ती कडेची हालचालच दिसत नाही त्यांना. एकदा शेजारीच मरळ उठली आणि ती मी बघितली, त्यांनी नाही, आणि मी बघितली हे त्यांना कळलं. त्यानंतर ते आलेच नाहीत बघ.

मला झोप लागत नाही रे यापायी. रिटायर झाल्यावर माणूस त्या पाण्यावर जगला, आता दिवसभर ओट्यावर बसून असतात, येणारा जाणारा बाजूने गेला तर दिसत पण नाही, मग लोक म्हणतात आण्णा ओळख देत नाहीत.

तर माझ्या डोक्यात एक आलंय आणि ते तूच करू शकतोस. तुझी ती तळाची पद्धत. टेक्सास रिग. त्यात डोळ्याचं काम किती आहे सांग? गोळीसारखं वजन, मागे प्लास्टिकचा वर्म म्हणजे खोटं गांडूळ, हुकाचं टोक वर्ममध्येच लपवलेलं म्हणजे झाडोऱ्यात अडकत नाही, तळाशी जाऊ द्यायचा, थोडा उचलायचा, परत पडू द्यायचा, आणि बाकी सगळं बोटावर. तूच सांगायचास की दगड वेगळा लागतो, काडी वेगळी लागते आणि मासा वेगळा लागतो, कधी नुसतं टक होतं तर कधी दोरीचं वजनच गेल्यासारखं वाटतं. आणि आण्णांची बोटं म्हणजे काय! आयुष्यभर भुसावळला यार्डात डब्यांच्या चाकांवर हातोडी मारून, आवाजावरून आणि मुठीत येणाऱ्या झिणझिण्यांवरून तडा ओळखलाय त्या माणसाने, रात्रपाळीत, अंधारात! त्यांना हे जमणार नाही तर कोणाला जमेल? आजही माठाला टिचकी मारून सांगतात की हा पाझरणार.

अडचण अशी की मला ते शिकवता येत नाही. माझा हात वरच्या पाण्याचा, आण्णांसारखाच, फ्रॉग नेमका पाडणं, लांब फेकणं, पटापट जागा बदलत पाणी पिंजून काढणं यात मी कोणाला ऐकणार नाही. पण तळाला वर्म पडला की माझं बोट मुकं होतं, आणि मासा लागला की वेल लागली हे मला आजही दोरी चालायला लागल्यावरच कळतं. तुझं बरोबर उलट. आपण यावरून किती भांडलो, ते वरणगावच्या टपरीवर तर चहा गार झाला, तू म्हणालास फ्रॉग म्हणजे नुसता तमाशा, मी म्हणालो तुझा वर्म म्हणजे झोपलेल्या माणसाचा धंदा, आणि आण्णा मधेच म्हणाले की मासा कोणाच्याच बापाचा नाही, बिल कोण देतो ते बोला. ज्याला जे जमतं तेच तो दिवसभर करत राहतो आणि तेवढ्यालाच मासेमारी समजतो, हे त्यांनी दोघांनाही तेव्हाच सांगितलं होतं. आता तेच स्वतः म्हणताहेत की वरचं दिसत नाही तर घरी बसलेलं बरं.

तू लेक फोर्कला जातोस ना अजून? तुमच्या डॅलसवाल्यांना तो तलाव जवळच. टेक्सास राज्यातला सगळ्यात मोठा बास मासा तिथलाच, १९९२ चा, अठरा पौंडांच्या वर, तूच पाठवलं होतंस. आणि प्लास्टिकचा वर्म निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ ला ओहायोत काढला हे पण तूच. हे सगळं आण्णांना सांग, त्यांना वस्तू कोणी आणि कशी बनवली हे कळलं की तिच्यात जीव लागतो. फक्त तो मार्चमधला फोटो दाखवू नको. नियमात बसतं, सोडली पण, सोळा ते चोवीस इंचातली तिथे ठेवताच येत नाही, सगळं मान्य. पण घरट्यावर राखण करणाऱ्या नरापुढे गळ टाकलास हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही नाही. लाल पिल्लांचा घोळका दिसला की आण्णा आपले रॉड खाली ठेवायला लावायचे, विसरलास का?

मला काय पाहिजे ते सांगतो. एक व्हिडिओ कर, पण फक्त तुझ्या हाताचा, चेहरा नको, आम्हाला माहितीये तो. दोरी कोणत्या बोटावरून घेतोस, रॉडचं टोक किती वर ठेवतोस, टक झाल्यावर किती थांबतोस हे जवळून दिसू दे. नायलॉन ताणतो, त्यातून टक पोचता पोचता मरून जातं, म्हणून ब्रेड म्हणजे विणलेली दोरी लावावी असं माझं मत, पण गढूळ तापीत तू काय वापरशील ते लिही. वजन हलकं की भारी? आपल्याकडे तळाला मऊ गाळ आहे, भारी वजन रुततं आणि मग काहीच कळत नाही. सध्या थंडीत मरळ तशीही सुस्त आहे, वर कमी येते, म्हणजे सुरुवात करायला हीच वेळ चांगली. रॉडचं मी बघतो, गोट्याला बोललोय, पोरगं तयार आहे परत द्यायला.

भीती एकच, आण्णा म्हणतील माझी कीव करता का रे. मी बोललो तर नक्की म्हणतील. तू बोललास तर ऐकतील, कारण तुझ्या वर्मवर ते कायम हसले आणि त्या पावसाळ्यात मोठी मरळ तूच काढलीस, ते त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही.

तुझ्या नोकरीचं काय झालं? टीम बदलली म्हणाला होतास. पिंकी मराठी बोलते का, की विसरली? वहिनींना कळण्याचं पीठ पाठवतोय, शेजारच्यांचा जावई येतोय तिकडे.

आणि व्हिडिओत मराठीत बोल, कास्ट, रिट्रीव्ह, हुकसेट असलं नको. आण्णा बोटं बघतील, पण ऐकतील पण.

तुझाच,
बाळ्या