दारू थांबल्यावर मेंदूत काय घडते, हे आम्हाला सांगणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,
सविनय नमस्कार.

माझ्या थोरल्या भावाचा जीव वाचवल्याबद्दल आपले आभार मानायचे आहेतच. पण हे पत्र जाहीरपणे लिहावेसे वाटले ते आपण गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरात बसून, आईला उमजेल अशा भाषेत त्याचा आजार समजावून दिलात म्हणून.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आल्यामुळे दादाने दारू एका दिवसात बंद केली होती. आधी हात थरथरू लागले, घामाच्या धारा लागल्या, झोप उडाली आणि तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागले. कोणी भूतबाधा उतरवणाऱ्या घाडीला बोलवा म्हणत होते, कोणी खोलीत कोंडून ठेवा म्हणत होते. आपण आलात, नाडी आणि रक्तदाब पाहिलात आणि 108 बोलावून त्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवलेत.

आपण सांगितलेत की दारू मेंदूला शांत करणाऱ्या गॅबा या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबून ठेवते. हे वर्षानुवर्षे चालले की तोल राखण्यासाठी मेंदू गॅबाला कमी दाद देऊ लागतो आणि ग्लुटामेटला अधिक संवेदनशील होतो. बाहेरून कोणी दार रेटून धरले असताना आतला माणूस तितक्याच जोराने रेटत असावा आणि बाहेरच्याने अचानक हात काढावा, तसे दारू एकाएकी थांबल्यावर होते. त्यातच शरीराला सावध करणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढून छाती धडधडते, हात कापतात. झटक्यांचा (फिट येण्याचा) धोका मुख्यतः पहिल्या 48 तासांत असतो आणि भ्रमाची ती जीवघेणी अवस्था बहुधा 48 ते 96 तासांदरम्यान येते, हे कळल्यावर ‘चार दिवस कोंडा’ या सल्ल्याचा अर्थ उमगून आम्ही हादरलो. लोराझेपाम हे औषध गॅबाचाच प्रभाव वाढवते, म्हणून ते देऊन मात्रा हळूहळू उतरवायची, आणि ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायचे, कारण त्याच्या अभावी स्मृती कायमची जाऊ शकते, हेही आपण न कंटाळता सांगितलेत.

मला सर्वांत मोलाची वाटली ती यापुढची गोष्ट. दारू पुन्हापुन्हा अचानक सोडली आणि पुन्हा धरली, तर पुढच्या वेळचा त्रास अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. दादा दरवर्षी चवथीला सोडत असे आणि नंतर पुन्हा पिऊ लागे. त्याचे हाल वर्षागणिक का वाढत गेले, याचे उत्तर आम्हाला तेव्हा मिळाले. त्याला निश्चय नाही, असे घरात वर्षानुवर्षे म्हटले जात होते. आईने ते म्हणणे त्या दिवसापासून सोडले. दारू सुटल्यावरही मेंदूत गोडी जागवणाऱ्या डोपामिन या रसायनाची घडी बसेपर्यंत काही आठवडे, कधी महिनेही त्याला कशातच गोडी वाटणार नाही, हे आपण आधीच सांगितले होते, त्यामुळे त्याच्या गप्प बसण्यावर कोणी चिडले नाही.

आमच्या वाड्यावर चवथीसाठी दारू सोडणारे आणखी बरेच आहेत. येत्या श्रावणात आपण देवळाच्या मंडपात येऊन हेच सर्वांना सांगावे, अशी आमची मनापासून विनंती आहे. खुर्च्या मांडायला दादा स्वतः येणार आहे.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा धाकटा भाऊ