नॉर्मल रिपोर्ट आणि बायोप्सी

सोलापूर
मंगळवार

प्रिय सुहास,

‘दोन्ही किडन्या नॉर्मल आल्या, आता बायोप्सीचं पुढे ढकलतो’ हा तुझा मेसेज रात्री वाचला. फोन करणार होतो, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. म्हणून सरळ लिहायला बसलो. वहिनींनाही वाचायला दे. लपवण्यासारखं यात काही नाही, आणि तुझ्यापेक्षा त्या शांतपणे वाचतील.

वहिनींच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो पाहिला. उजवी किडनी १०.४ सेंटिमीटर, डावी १०.८. रंग, कडा, आतले थर, सगळं जागच्या जागी. असले रिपोर्ट मीही रोज लिहितो, आणि ल्युपसच्या, म्हणजे वहिनींसारख्या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेल्या पेशंटच्या रिपोर्टवर सही करताना मला ठाऊक असतं की मूळ प्रश्नाचं उत्तर या कागदात नाही. एकेका किडनीत रक्त गाळणाऱ्या साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. ल्युपसची सूज बसते ती तिथे. एका गाळणीचा व्यास जेमतेम ०.२ मिलिमीटर; पोटावर फिरवायच्या सोनोग्राफीच्या प्रोबला मिलिमीटरच्या आतलं काही धड वेगळं ओळखता येत नाही. म्हणजे आजार ऐन भरात असला तरी माझ्या पडद्यावर किडनी देखणी दिसू शकते. कधी ती सुजून मोठी दिसते, लिव्हरपेक्षा पांढरट दिसते. पण तशी दिसली नाही म्हणून आजार नाही, असं म्हणायची सोय नाही.

खरं बोलते ती लघवी. दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर प्रथिनं जायला लागली की किडनीचे डॉक्टर बायोप्सीचा विषय काढतात. वहिनींची १.८ ग्रॅम जातायत, सोबत लाल पेशी आहेत, रक्तात सी-३ (ल्युपस भडकला की घटणारं प्रथिन) कमी आहे. क्रिएटिनिन (किडनी कमी चालली की रक्तात वाढतं ते) ०.८ आहे याचा तुला फार आधार वाटतोय, पण ते वाढेपर्यंत बरंच हातचं गेलेलं असतं.

मग सोनोग्राफी केली कशाला, असं तू विचारशीलच. जुना, मुरलेला आजार असता तर किडन्या आक्रसलेल्या दिसल्या असत्या, बाहेरचा थर पातळ झाला असता. तशा किडनीत सुई घालून फारसं काही हाती लागत नाही, रक्तस्रावाची भीती मात्र वाढते. वहिनींच्या किडन्या पुऱ्या आकाराच्या आहेत, म्हणजे वाचवण्यासारखं पुष्कळ शिल्लक असणार. तुझ्या हातातला कागद बायोप्सी लवकर उरका असंच सांगतोय.

‘किडनीचा तुकडा काढणार’ हे ऐकून काकूंनी जेवण सोडलं म्हणे. त्यांना सांग, तो तुकडा दीडेक सेंटिमीटर लांब आणि मिलिमीटरभर जाड असतो. वहिनींना पालथं झोपवतील, पोटाखाली उशी देतील. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत किडनीच्या खालच्या टोकापर्यंत सुई नेतात, बहुतेक वेळा डाव्या. सुई पडद्यावर सतत दिसत असते. ‘श्वास रोखा’ म्हणतात, स्प्रिंगचा खट्ट आवाज होतो, सुई बाहेर. त्या आवाजानेच माणूस जास्त दचकतो, म्हणून मी आधी तो एकदा हवेत ऐकवतो. असे दोन-तीन तुकडे घेतात. नंतर काही तास उताणं पडून राहायचं. एखाद वेळ लघवी लालसर होते. किडनीभोवती थोडं रक्त साचणं नेहमीचं. मोठा रक्तस्राव क्वचित होतो, त्यासाठीच त्या दिवशी दवाखान्यात ठेवतात. आधी बीपी ताब्यात हवं, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी ठीक हवी.

एवढा खटाटोप का? तर ल्युपसने किडनी किती आणि कशी धरलीय, त्याचा १ ते ६ यातला क्लास कळावा म्हणून. ३ किंवा ४ असेल तर स्टेरॉइडच्या जोडीला मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइडसारखं जोरकस औषध लागतं. १ किंवा २ असेल तर किडनीसाठी बहुधा एवढं लागत नाही. नुसत्या अंदाजावर ही औषधं कोण चालू करील? आणि कोण टाळील?

एकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, तुझं म्हणणं मात्र मला पटलं नाही. ‘छातीत दुखत नाही तर एको कशाला, पैसे काढतात.’ अरे, उताणं झोपलं की दम लागतो हे तूच सांगितलंस ना? हृदयाभोवती पाणी साचतं ते ल्युपसमध्ये नेहमीचं आहे, आणि ते एकोत लगेच दिसतं. थोडं असेल तर बहुधा औषधांनीच ओसरतं. शिवाय झडपांवर जंतूंशिवायच गाठी धरतात. न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स यांनी १९२४ मध्ये त्यांचं वर्णन केलं, तेव्हापासून त्या गाठींना या दोघांचंच नाव आहे. त्या बारीक असल्या तर छातीवरच्या एकोत निसटतात, मग अन्ननलिकेतून एको करावा लागतो. वहिनींना आज त्याची गरज दिसत नाही.

बोटांचे सांधे सकाळी आखडतात, त्यावरही सोनोग्राफी करता येते. आमच्या दारावर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी ठळक असते, त्यामुळे निम्म्या लोकांना हे मशीन बाळंतपणाचंच वाटतं! पॉवर डॉपलर लावला की सांध्याच्या आवरणातला वाढलेला रक्तप्रवाह रंगात दिसतो. हाताला सूज न लागणाऱ्या सांध्यातही कधी सापडतो. पण ते सवडीने.

सवडीने न करायची गोष्ट वेगळी. अँटिफॉस्फोलिपिडचा, म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका सांगणारा, रिपोर्ट अजून यायचाय. तो येईपर्यंत आणि नंतरही, एकच पाय सुजला, पोटरी दुखली तर ‘प्रथिनं जातायत म्हणून सूज’ अशी समजूत काढत बसू नका. प्रथिनांची सूज बहुधा दोन्ही पायांना येते. गुठळी आहे का हे बघायला त्याच दिवशी पायाच्या शिरांचा डॉपलर करून घ्यायचा. अचानक दम लागला तर थेट कॅज्युअल्टी गाठायची.

गुरुवारी डॉक्टरांना भेटाल तेव्हा तारीख घेऊनच बाहेर या. तारीख कळव, मी त्या दिवशीच्या अपॉइंटमेंट दुसऱ्याकडे देतो आणि सकाळच्या गाडीने येतो. काकूंना नमस्कार, चिनूला पापा.

तुझा
अविनाश

ता. क. सांध्यांसाठी वहिनी मेडिकलमधून आणून घेतात त्या वेदनाशामक गोळ्या आजपासून बंद. किडनीला त्या वाईट, आणि बायोप्सीच्या आधी तर नकोतच. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.