'समजलं का' असं विचारायचं नसतं

क्वीन्स, न्यूयॉर्क
रविवार, दुपार

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणालात, "इंग्रजी तर तुला येतंच, मग ते शिकवायला शिकायची एवढी फी?" आणि मागून आईचा आवाज, "तेही घोड्याएवढ्या माणसांना!" मी हसून विषय बदलला, कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. आज निवांत आहे, म्हणून लिहितेय.

खरं सांगायचं तर पहिलं सत्र मीही वेळ जावा म्हणूनच घेतलं. माझ्या व्हिसावर तूर्त नोकरी करता येत नाही, शिकता येतं. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या, आता माणसांच्या शोधू, इतकाच हिशोब होता. प्रॅक्टिकम सुरू झालं आणि तो हिशोब चुकला.

प्रॅक्टिकम म्हणजे प्रत्यक्ष वर्गावर शिकवणं. माझा वर्ग संध्याकाळी सातला, एका वाचनालयाच्या तळघरात भरतो. माणसं चौदा. मेक्सिकोतल्या पुएब्लाहून आलेली, हॉटेलात भांडी घासणारी एक बाई. बांगलादेशात औषधांचं दुकान चालवलेले आणि इथं टॅक्सी चालवणारे एक गृहस्थ. एक तिबेटी आजी, ती पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय वर्ग सुरू होऊ देत नाही. सगळे दिवसभर राबून आलेले.

पहिल्याच तपासणीच्या दिवशी मी आपटले. 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि आपल्या गुरुजींच्या थाटात वीस मिनिटं व्याकरण समजावलं. शेवटी विचारलं, समजलं का? चौदाही माना हलल्या. मी खूश. मग माझा तास तपासायला मागे बसलेल्या आमच्या बाई उठल्या आणि त्यांनी वर्गाला एवढंच विचारलं, "हा माणूस अजून इथेच राहतो का?" निम्म्या वर्गानं सांगितलं, नाही, गेला तो. का, तर शेवटी 'एड' आहे, म्हणजे भूतकाळ! त्यांचं तरी काय चुकलं? आपण मराठीतही 'पाच वर्षं इथे राहतोय' असंच म्हणतो, वर्तमानकाळात. शिकणाऱ्याची भाषा ना धड जुनी ना धड नवी, तिचे स्वतःचेच नियम असतात. भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी 1972 साली तिला 'इंटरलँग्वेज' हे नाव दिलं. म्हणजे ती चूक नुसती खोडायची नसते, ती कुठून आली हे आधी बघायचं असतं.

बाईंच्या टिपणात लिहिलं होतं: तासाभरात 41 मिनिटं तुमचंच तोंड चालू होतं. (बाबा, हसू नका.) आणि खाली: 'समजलं का' हा प्रश्न मोठ्या माणसांना विचारू नये, ती कधीच नाही म्हणत नाहीत.

ते वाचलं आणि आई, तू आठवलीस. डॉक्टर विचारतात, "गोळ्या कशा घ्यायच्या कळलं ना?" तू "हो हो" म्हणतेस, आणि रिक्षात बसल्या बसल्या मला फोन, "अगं, ती पांढरी जेवणाआधी की नंतर?" लहान मूल बिनधास्त सांगतं, नाही कळलं. साठीच्या माणसाला चारचौघांत ते सांगणं फार जड जातं. माझं निम्मं शिक्षण आता या जडपणाभोवतीच फिरतं.

एका बाबतीत मात्र मी वर्गमित्रांच्या पुढे निघाले. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' हवा सोडून म्हणतात, जवळजवळ आपल्या 'फ'सारखा. अमेरिकन पोरांना तो फरक ऐकूच येईना, रोजच्या वापरातला ना! मला लगेच आला. आई, तोंडासमोर कागदी रुमाल धर आणि 'पळ' म्हण, मग 'फळ' म्हण (ओठ मिटून). दुसऱ्याला रुमाल उडेल. येमेनचे एक काका 'पार्किंग'ला 'बार्किंग' म्हणतात, कारण अरबीत 'प' नाही. रुमाल तीनदा नुसता लटकला, चौथ्यांदा फडफडला, आणि काकांनी तो घडी करून खिशात ठेवला. मी मागितला नाही.

आपली आजी सांगायची ते आठवतं? साताऱ्यातून 1959 साली मोठ्या माणसांना लिहावाचायला शिकवणारी ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, त्यात ती सही शिकली. गुरुजी म्हणाले 'अ अननसाचा' आणि सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या, कारण अननस कुणी बघितलाच नव्हता. त्यानंतर चारच वर्षांनी, 1963 मध्ये, ब्राझीलच्या आंजिकोस गावात शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी सुमारे 300 मजुरांना 40 तासांत वाचायला शिकवलं, तेही मजुरांच्याच रोजच्या शब्दांवरून. 'वीट' हा फ्रेरींच्या पद्धतीतला गाजलेला शब्द. आमच्या आजीला 'भाकर' दिली असती तर ती एका आठवड्यात पेपर वाचायला लागली असती, असं माझं आपलं मत.

पुढे काम करता येईल तेव्हासाठी म्हणून मधे एका संस्थेत शिकवण्याच्या मुलाखतीला गेले होते. विचारलं, इंग्रजी तुमची मातृभाषा का? म्हटलं, मराठी. पुढे उत्तर आलं नाही. टॅक्सीवाल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, तुमचं इंग्रजी मला कळतं, ते लोक फार भरभर बोलतात."

आता बाबांकडे काम आहे. बंगळूरला 1979 पासून पाच वर्षं इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी शाळेतल्या मुलांवर एक प्रयोग केला. व्याकरण न शिकवता मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं अशी कामं सोडवायला दिली. डोकं कामात गुंतलं की भाषा आपोआप मुरते, अशी कल्पना. ते वाचताना मला स्टँडवरची तुमची कंट्रोल केबिन दिसली. पुढच्या महिन्यात मला असाच धडा घ्यायचाय. तुमच्या ट्रंकेत एसटीची जुनी वेळापत्रकं असतील, त्यांतल्या दोन-तीन पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका. सातारा–महाबळेश्वर असलं तर उत्तम. आकडे मी बदलून घेईन. चौदा जण मिळून शेवटची गाडी चुकते की मिळते ते ठरवतील.

आणि आई, मंगळवारी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा "हो हो" करू नकोस. कुठली गोळी कधी, ते तूच त्यांना म्हणून दाखव.

तुमची
लेक