आकड्यांची वही कशी ठेवावी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. तालुक्याची कोरोनाच्या साथीची नोंदवही नव्याने लावायची म्हणतोस, आणि 2020 ते 2022 चे जुने आकडेही तीत बसवायचे आहेत. म्हणून हे लांबलचक पत्र.

‘आज किती सापडले’ हा रकाना सगळ्यात शेवटी भर. त्याआधी आरटीपीसीआर (प्रयोगशाळेतल्या, जास्त खात्रीच्या चाचण्या) किती झाल्या, अँटिजेन (किटवरच्या झटपट चाचण्या) किती झाल्या आणि दोन्हींत पॉझिटिव्ह किती, हे चार रकाने वेगवेगळे हवेत. एकत्र केलेस की फसलास. समज, 400 आरटीपीसीआरमध्ये 80 पॉझिटिव्ह आहेत, म्हणजे 20 टक्के. त्याच दिवशी 600 अँटिजेनमध्ये 48 निघाले, म्हणजे 8 टक्के. एकत्र दर 12.8. पुढच्या आठवड्यात अँटिजेनचे किट दुप्पट आले, तर साथ जागची न हलताही हा दर खाली येईल. अँटिजेनमधून बरेच बाधित निसटतात. म्हणूनच लक्षणे असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा, असे आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) सांगितले होते.

दुसरी चूक तर भल्याभल्यांची होते. रोजचे टक्के काढून त्यांची सरासरी घेऊ नकोस. शनिवारी 1000 चाचण्यांत 100 आणि रविवारी 100 चाचण्यांत 30 पॉझिटिव्ह असतील, तर 10 आणि 30 ची सरासरी 20 येते. खरा दर 1100 पैकी 130, म्हणजे 11.8. सात दिवसांच्या चाचण्यांची बेरीज, सात दिवसांच्या पॉझिटिव्हची बेरीज आणि मग भागाकार. सुट्टीला चाचण्या घटतात, त्यामुळे सोमवार-मंगळवारचा आकडा कायम गोड दिसतो. त्यावर बातमी करणाऱ्यांना आपण काय सांगणार!

आपल्यासारख्या लहान तालुक्यात टक्केवारीचा मोह टाळ. आठवड्याला 2 चे 6 झाले की ‘तिप्पट वाढ’ होते, पण ते एकाच घरातले चौघे असू शकतात. तिथे गावनिहाय नावे बघ. पत्ताही तपास, कारण शहरातल्या लॅबमध्ये भाच्याचा पत्ता दिलेला रुग्ण शहराच्या खात्यात जातो.

आणि आजचा आकडा आजचा नसतोच. लागण, साधारण पाचेक दिवसांनी लक्षणे, मग दोन-तीन दिवस ‘साधा ताप’ म्हणून अंगावर काढणे, मग स्वॅब, मग अहवाल. म्हणजे तू बघतोस ते आठ-दहा दिवसांपूर्वीचे गाव. मृत्यू त्याहून मागे. मृत्यूंना दोन रकाने ठेव: झाल्याची तारीख आणि नोंदल्याची तारीख. 16 जून 2020 ला राज्याने फेरतपासणी करून जुने 1328 मृत्यू यादीत घातले, त्यांतले 862 मुंबईचे. आलेखावर त्या दिवशी सुळका दिसतो, प्रत्यक्षात त्या दिवशी काहीच घडले नव्हते.

आता निर्णयांकडे ये. जून 2021 मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले. पॉझिटिव्हिटी (म्हणजे चाचण्यांतल्या पॉझिटिव्हचा दर) 5 टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन खाटा 25 टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. 20 टक्क्यांवर दर किंवा 75 टक्क्यांवर खाटा गेल्या तर पाचवा. खाटांची जोड दिली हे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण चाचणी कोणाची करायची हे बदलून दर हलवता येतो, पण ऑक्सिजनवरचा माणूस लपवता येत नाही. बाजारात उभ्या धडधाकट लोकांचे स्वॅब घेतले की दर आपोआप उतरतो. 25 जूनच्या आदेशात दर फक्त आरटीपीसीआरवरून धरा असे आले, ते योग्यच झाले.

धारावीबद्दल विचारले होतेस. पहिला रुग्ण 1 एप्रिल 2020 चा. अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास जागा, आठ लाखांवर माणसे, सार्वजनिक शौचालये. घरात वेगळे राहा म्हणणे तिथे थट्टाच ठरली असती. म्हणून रुग्ण येण्याची वाट न बघता खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन ताप तपासणी शिबिरे लावली, शाळा आणि सभागृहांत विलगीकरण केले, जेवण पोचवले. ती जेवणाची बाब अहवालात एका ओळीत उरकतात, पण मजुरी बुडत असताना माणूस चौदा दिवस थांबतो तो त्या ताटामुळे. तरी ‘विषाणू संपवला’ असे म्हणू नकोस. जुलै 2020 च्या सेरो सर्वेक्षणात (रक्त तपासून लागण होऊन गेली का हे बघणाऱ्या पाहणीत) मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या (धारावीचा त्यांत नव्हता) झोपडपट्ट्यांत सुमारे 57 टक्के आणि बाकी वस्तीत 16 टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. नोंदलेले रुग्ण त्यामानाने किरकोळच होते.

भीती घातली की वही कोरी राहते. 1897 मध्ये पुण्यात सैनिकांनी घरांच्या झडत्या घेतल्यावर लोक प्लेगचे रुग्ण दडवू लागले. 2020 च्या विलगीकरणाच्या हातावरच्या शिक्क्याने वेगळे काय साधले? आशाताईंना दारात खरे सांगितले जाते की नाही, यावर तुझे सगळे रकाने उभे आहेत.

जानेवारी 2022 ची पाने वेगळ्या रंगाने खूण करून ठेव. घरी चाचणी करायच्या किटचा वापर फार वाढला, निगेटिव्ह कोणी कळवीना, पॉझिटिव्हही बरेच गप्प बसले. ना अंश धड, ना छेद. त्या महिन्यापुरता दर काढूच नकोस. ऑक्सिजनवर किती, आयसीयूत किती, एवढेच दोन रकाने लाव. कोरा तक्ता सोबत पाठवतो आहे. त्यात खाटांचा आकडा ‘उपलब्ध’ नव्हे, ‘भरलेल्या’ असा माग, नाहीतर स्टाफ नसलेल्या खाटाही मोजल्या जातात.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश