सहासष्ट गोळ्या

मिरज, १३ सप्टेंबर

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

काल गौरी उठल्यावर मी तुझी थायरॉईडची बाटली उघडली. झाकणावर तुझ्याच अक्षरात १ ऑगस्ट. बाटली १०० ची, दिवस झाले ४३. उरायला हव्या होत्या ५७, निघाल्या ६६. तुला विचारायचं सोडून मोजत बसले, हे चुकलंच माझं. त्यावरून तू जे बोललीस तेही मी ऐकून घेतलं. पण ९ राहिल्या त्या राहिल्याच. आणि ज्या घेतल्यास त्या चहाच्या घोटाबरोबर. चारही दिवस बघत होते.

एकदाच लिहिते, मग हा विषय बंद. ही गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे निदान अर्धा तास, जमलं तर एक तास चहा-कॉफी काही नाही. दूध पोटात असलं की गोळी पुरती अंगी लागत नाही. लोह आणि कॅल्शियम तर चार तास लांबच ठेवायचं, म्हणजे ती दुपारच्या जेवणानंतर. सकाळी घाई होत असेल तर रात्री निजताना घे, जेवून तीन तास झाले असले म्हणजे चालतं. आज एक वेळ, उद्या दुसरी, असं मात्र करू नकोस.

आता मुख्य काळजी. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून तुझं बीज वाढवायचं औषध, लेट्रोझोल, सुरू व्हायचं आहे. त्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करतील. औषध कमी पडलं की तो आकडा चढतो. ५० ची गोळी सुरू होऊन सहा आठवडे झाले, त्यामुळे डॉक्टर आकडा खरा धरतील. ९ चुकल्याचं तू सांगितलं नाहीस आणि आकडा चढा आला, तर ते डोस ७५ करतील. मग तू नेमाने घ्यायला लागलीस की तोच डोस जास्त होईल. धडधड, हाताला कंप, झोप नाही. उलटंही होतं. त्या केसांच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. काही मशीनवर त्याने टीएसएच खोटाच कमी दिसतो. ऑगस्टचा तुझा ३.१ खरा किती, मला शंकाच आहे. रक्त देण्याआधी तीन दिवस त्या बंद ठेव, आणि थायरॉईडची त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घे.

माझं म्हणणं इतकंच, की चुकलेल्या गोळ्यांचं डॉक्टरांना स्वच्छ सांग. उद्यापासून सहा आठवडे एकही न चुकवता घे, २५ ऑक्टोबरच्या सुमारास टीएसएच कर, तो २.५ च्या खाली आला की लेट्रोझोल. एक महिना पुढे गेला तर गेला, ३१ वय म्हणजे काही उशीर नव्हे. पहिले दोन-अडीच महिने बाळाची स्वतःची थायरॉईड काम करत नाही, त्याला जे मिळतं ते आईचं. आणि आपल्याला कळेपर्यंत चार-पाच आठवडे उलटलेले असतात. म्हणून हे आधी. मार्चमध्ये बाळ राहिलं नाही ते या गोळीपायी झालं असं मी म्हणत नाही. तसं कुणालाच सांगता यायचं नाही. मीच ते परत काढते आहे, माफ कर.

चौथीत असताना मलेरियाच्या कडू गोळ्या तू देव्हाऱ्यामागे टाकायचीस. दिवाळीची झाडलोट करताना आक्काला सात सापडल्या. तेव्हाही मीच मोजल्या होत्या!

वजन ७४ वरून ६९ वर आणलंस, ते कोणाच्या औषधाने नव्हे. पीसीओडीत, म्हणजे बीज वेळेवर सुटत नाही त्या दुखण्यात, पाच-सहा टक्के वजन उतरलं तरी बीज सुटायला लागतं, आणि तुझी पाळी गोळीविना ३८ दिवसांनी आली. बाबांनी हे आत्याला दोनदा सांगितलं, तू आत होतीस.

लेट्रोझोल पाच दिवस, बहुधा २.५ ने सुरुवात करतील. नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफी. फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, १८ ते २० मिलीमीटर झालं की ते फुटायचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३६ तासांनी ते फुटतं. पहिल्या महिन्यात वाढलं नाही तर घाबरू नकोस, पुढच्या वेळी डोस वाढवतात. बीज सुटायची वेळ बघायच्या घरच्या पट्टीवर विसंबू नकोस. ती पट्टी एलएच हे संप्रेरक बघते आणि पीसीओडीत ते मुळातच चढं असतं, दोन रेघा नुसत्याच दिसत राहतात. पाळी आणायच्या गोळ्यांनी अंगावर गेलं म्हणजे बीज फुटलं असंही नाही. बीज फुटलं की नाही ते बघायची प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी 'एकविसाव्या दिवशी' म्हणून लिहून देतात, पण ते २८ दिवसांच्या पाळीचं गणित. पाळी यायच्या सात दिवस आधी ते बघायचं, म्हणजे तुझ्या ३८ दिवसांना एकतिसावा दिवस.

जावयाबद्दल सासूने लिहू नये, तरी लिहिते. अनिकेतची वीर्यतपासणी अजून का झाली नाही? आधी दोन ते सात दिवस संयम ठेवायचा, बाकी काही नाही. आज जे दिसतं ते साधारण तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेलं असतं, म्हणून ताप येऊन गेला असेल तर तेही सांगायचं. तुझ्याच हाताला सुया टोचत राहायच्या आणि त्याची बाजू कोरी, हे मला पटत नाही. तुझ्या सासूबाईंना हे सांगायचं की नाही, तू ठरव.

फॉलिक ॲसिड चालू आहे ना? आणि एक आत्ताच विचारून ठेव. दिवस राहिल्याचं कळलं की थायरॉईडची गोळी वाढवावी लागते. पुष्कळ डॉक्टर आठवड्याला ७ गोळ्यांच्या ९ करायला सांगतात आणि दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. ते त्या दिवशीच करायचं, पुढच्या भेटीची वाट बघायची नाही.

पुन्हा गोळीवरच आले. डोहाळजेवणाला आत्या बोलल्या तेव्हा मी गप्प बसायला नको होतं. त्याचा राग तू गोळ्यांवर काढू नकोस, माझ्यावर काढ.

आजची गोळी बसमध्ये चढण्याआधी घेतलीस का, हे विचारत नाही.

तुझी,
आई

ता. क. बाटली गॅसवरच्या फळीवर ठेवू नकोस, उष्णतेने आणि वाफेने गोळी खराब होते. उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ ठेव. चकल्यांचा डबा परत आणायची घाई नाही.